९ एच, २०० मायक्रॉन आणि सोसायटीतलं फडकं

“९ एच म्हणजे काचेसारखं कडक. दगड लागला तरी ओरखडा नाही,” शोरूमवाल्याचं वाक्य मिलिंदने जसंच्या तसं पुण्यात कर्वेनगरच्या कट्ट्यावर आणून टाकलं. नवी गाडी, हातात रंगावर चढवायच्या सिरॅमिक कोटिंगचं कोटेशन आणि समोर नेमका चाकणला पेंट शॉपमध्ये असणारा प्रशांत.

“ती पेन्सिलची चाचणी आहे. ९ एच या कडक पेन्सिलीने रेघ उठत नाही, एवढंच त्यातून कळतं. डंपरमधून खडी काय पेन्सिल घेऊन येते? पत्र्यावर आधी ईडी कोट, म्हणजे गंज रोखणारा थर, मग प्रायमर, रंग आणि वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर. सगळं धरून बहुतेक गाड्यांना १०० ते १३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यात क्लिअर ४०च्या आसपास. सिरॅमिक त्यावर चढतं एक-दोन मायक्रॉन. ते काय अडवणार?”

“धंदा बसवशील माझा,” सलीम म्हणाला. त्याचं डिटेलिंगचं दुकान आहे. मुद्दा मात्र त्यानेही खोडला नाही. “सिरॅमिक धुण्यासाठी घ्यायचं. चिखल पटकन सुटतो, चमक राहते, कबुतराची घाण लगेच रंगात चरत नाही. बोअरच्या पाण्याचे डाग मात्र त्यावरही पडतात. थेंब गोल होऊन जागच्या जागी वाळतो आणि क्षार मागे राहतात. खडीसाठी पीपीएफच, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म. टीपीयू या लवचीक प्लॅस्टिकची, १५० ते २०० मायक्रॉन. दगड आपटला की ती दबते आणि धक्का पसरवते. बारीक रेघा उन्हाने किंवा गरम पाण्याने भरून येतात. आरपार कापली गेली तर नाही. आणि स्वस्तात पीव्हीसी गळ्यात मारतील. ती पिवळी पडते, कडक होते, काढताना तुकड्यांनी निघते. रोलवर टीपीयू लिहिलंय का ते बघ, बिलावरही लिहून घे.”

“मग पूर्ण गाडीलाच लावतो,” मिलिंद.

“छताला कोण दगड मारतंय?” प्रशांत उसळला. “पुढचा बंपर, बॉनेट, पुढचे फेंडर, आरशांचे पुढचे भाग आणि मागच्या चाकाच्या पुढची खालची पट्टी. तिथे आपल्याच पुढच्या चाकाने उडवलेली खडी लागते. त्यासाठी मडफ्लॅप लाव. बॉनेटला अर्धीच फिल्म घे, पुढचा दीड फूट.”

इथे सलीम अडून बसला. अर्ध्या बॉनेटवर फिल्मची कड मधोमध येते, तिथे धूळ बसून काळी रेघ दिसते, काही वर्षांनी उघडा आणि झाकलेला रंग वेगळा दिसतो. पूर्ण बॉनेटच घ्यावं. माझं मत सलीमच्या बाजूने, पांढऱ्या गाडीला तर नक्कीच.

फिल्म बिघडते ती बहुतेक वेळा लावताना. सलीमने सांगितलेला क्रम असा: धुणं, लोखंडी कण काढायचा स्प्रे, क्ले बार (चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी), गरज असेल तर पॉलिश, मग आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसणं. मेण किंवा पॉलिशचं तेल राहिलं तर कडा सुटतात. फिल्म सरकवायला पाण्यात शाम्पूचे थोडे थेंब, चिकटवायच्या जागी आयपीए मिसळलेलं पाणी. बंपरच्या वळणावर फिल्म जास्त ताणली की ती मागे आखडते आणि कोपरा उठतो. आतले पाण्याचे फुगे काही आठवड्यांत जातात. आत कण असेल तर तो तसाच राहतो. पहिला आठवडा धुवायचं नाही आणि नंतरही प्रेशर पंपाची तोटी कडेजवळ न्यायची नाही.

“आणि विचार,” प्रशांत म्हणाला, “फिल्म प्लॉटरवर, म्हणजे मापाने कापणाऱ्या मशीनवर, कापून आणता, की गाडीवर ब्लेड चालवता? पातं रंगात उतरलं तर पावसाळ्यात तिथूनच गंज. आणि पुन्हा रंगवलेल्या पॅनेलवर जपून. फिल्म काढताना रंगही सोबत येऊ शकतो.”

मेधा इतका वेळ चहा घेत ऐकत होती. “खडीने पडतात ते टिपके. गाडी निस्तेज होते ती गाडी पुसणाऱ्यामुळे. एक बादली, एक फडकं, वीस गाड्या. पहिल्या गाडीची माती विसाव्या गाडीवर घासली जाते. उन्हात बॉनेट बघ, कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा. त्याला तुझ्याकडून दोन बादल्या दे आणि जाड मायक्रोफायबर दे. आधी साध्या पाण्याने धूळ उतरवायची, मग शाम्पू, फडकं दुसऱ्या बादलीत खळबळून. हे जमत नसेल तर पैसे तेवढेच दे आणि फक्त काचा पुसायला सांग. धुळीच्या गाडीवर कव्हर तर अजिबात नको, वाऱ्याने ते पॉलिश पेपरसारखं घासतं.”

या मुद्द्यावर वाद झाला नाही.

पडलेल्या ओरखड्याला नखाची परीक्षा. नख अडकत नसेल तर पॉलिशने जातो. अडकत असेल तर तो बहुधा क्लिअरच्या खाली गेलाय, घासून उरलेला क्लिअरही घालवू नये. बंपर प्लॅस्टिकचा, गंजत नाही, त्याची घाई नको. पत्र्याच्या बॉनेटवर धातू दिसला तर मात्र लगेच: आयपीएने पुसून प्रायमर, मग कलर कोडप्रमाणे रंग, मग क्लिअर. टूथपिकच्या टोकाने, पातळ थर, प्रत्येक थर वाळू देऊन. मोठा थेंब एकदम टाकला की तो फुगीर बसतो. कोडचा स्टिकर बहुधा दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली असतो.

“आणि फुकटचा उपाय,” प्रशांत उठता उठता म्हणाला, “अंतर. वेग ८० वरून १००वर नेलास की खड्याचा मार साधारण दीडपट होतो, तो वेगाच्या वर्गाने वाढतो. ८०ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. डंपरमागे तीन सेकंद धर, म्हणजे ६६ मीटर.”

“नवले पुलावर ६६ मीटर सोड,” मेधा म्हणाली, “त्यात दोन टेम्पो आणि एक पीएमपी बस घुसेल.”

“मग लेन बदल. टेम्पोतून निदान खडी सांडत नाही.”

“वाळू सांडते,” सलीम म्हणाला.