नाशिककरांनो, मुंबई एकदा वस्त्यांमधून पायी बघा

आपण नाशिककर मुंबईला सारखे जातो, पण मुंबई बघत नाही. मला हे मनापासून खटकतं. कुणाला परळला मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं असतं, कुणाचं मंत्रालयात अडकलेलं काम असतं, कुणाचा व्हिसा, कुणाची लग्नाची खरेदी. सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडला पंचवटी एक्सप्रेस पकडायची, काम उरकायचं आणि संध्याकाळी त्याच गाडीने परत. मुद्दाम बघायला म्हणून गेलोच, तर यादी ठरलेली. गेटवे, राणीची बाग, हँगिंग गार्डन, जुहू. सी लिंक बसच्या खिडकीतून. शाळांच्या सहलीही याच रस्त्याने जातात आणि मुलं घरी येऊन एवढंच सांगतात की समुद्र बघितला.

समुद्र बघावाच. गेटवेसुद्धा बघावा. १९११ साली पंचम जॉर्ज आला त्याची आठवण म्हणून ती कमान बांधली, १९२४ मध्ये पुरी झाली, आणि १९४८ च्या फेब्रुवारीत गोऱ्या फौजेची शेवटची तुकडी त्याच कमानीखालून निघून गेली. मुलांना हे तिथे उभं राहून सांगितलं तर त्या दगडाला अर्थ येतो. पण तिथे अर्धा तास पुरतो. उरलेला दिवस एखाद्या वस्तीत घालवावा, एका दिवशी एकच वस्ती, आणि तीही पायी, असं माझं ठाम मत आहे. त्यातही आधी अशा वस्त्या घ्याव्यात, जिथे आपल्या नाशिकच्या गोष्टीचा दुसरा भाग घडलेला आहे. आणि असे भाग मुंबईत खूप आहेत.

सुरुवात सीएसएमटीपासूनच होते. पंचवटीतून उतरलेला माणूस मान खाली घालून टॅक्सीकडे पळतो. तसं न करता रस्ता ओलांडून महापालिकेच्या इमारतीसमोर यावं आणि मागे वळून बघावं. या दोन्ही इमारती एकाच माणसाच्या, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या. स्टेशनचं काम १८७८ ला सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. फाटकाच्या एका खांबावर सिंह आहे, दुसऱ्यावर वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. भिंतींवर मोर, माकडं, पानं, फुलं कोरलेली आहेत आणि त्या कोरीवकामात जे.जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. ती शाळा तिथून चालत पाच-दहा मिनिटांवर आहे. १८८५ साली आपल्या त्र्यंबकेश्वरचा एक मुलगा त्या शाळेत शिकायला आला, तो धुंडिराज गोविंद फाळके. त्यांच्याकडे पुन्हा येतेच.

आधी बाणगंगा. मुंबईत एकच जागा बघायला वेळ असेल तर मी ही सांगेन.

वाळकेश्वरला बसमधून उतरलं की दोन्ही बाजूंना मलबार हिलचे उंच टॉवर दिसतात. त्यांच्यामधून एक अरुंद गल्ली खाली उतरते आणि पायऱ्या संपता संपता अचानक चौकोनी दगडी तलाव समोर येतो. चारी बाजूंनी पायऱ्या, काठावर दीपमाळा, पाण्यात बदकं, सभोवती देवळं आणि मठ. एका कडेला गोमुखातून पाणी पडत असतं. समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर, लाटांचा आवाज येतो, आणि तरी हे पाणी गोडं आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. तलाव बाराव्या शतकातला, शिलाहारांच्या काळातला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला व्यापारी रामा कामतींनी तिथल्या वाळकेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार केला.

पण आपल्यासाठी तिथली खरी गोष्ट वेगळी आहे. आख्यायिका अशी की सीतेला शोधत निघालेले राम-लक्ष्मण इथे थांबले, रामाला तहान लागली आणि बाण मारून जमिनीतून गंगा काढली. रामाने वाळूचं लिंग करून पूजा केली, तो वालुकेश्वर. आता सीतेला नेलं कुठून? पंचवटीतून. म्हणजे सीतागुंफेपाशी जी गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, तिचं पुढचं पान मुंबईच्या टोकाला लोकांनी जपून ठेवलंय. मी माझ्या भाच्याला तिथे हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मावशी, म्हणजे हे आपल्या रामकुंडाचं भावंड." मला त्याहून चांगलं सांगता येणार नाही. सर्वपित्री अमावास्येला तिथे पितरांच्या कार्याला रामकुंडासारखीच गर्दी होते.

आणि तिथे बसलं की गोदावरी आठवतेच. पात्रातल्या कुंडांच्या तळाशी काँक्रीट ओतल्यामुळे जिवंत झरे बंद झाले, ते काँक्रीट काढा, म्हणून आपल्या शहरात किती वर्षं लोक भांडतायत. बाणगंगेचा झरा वाहता राहिला म्हणून ते तीर्थ जिवंत आहे, हे डोळ्यांनी बघितलं की हे भांडण का महत्त्वाचं आहे ते वेगळं समजवावं लागत नाही. तिथेही सगळं आलबेल नाही. २०२४ साली गाळ काढायला थेट तलावात यंत्र उतरवलं आणि जुन्या पायऱ्या फुटल्या, केवढा आरडाओरडा झाला. पण आरडाओरडा करणारी माणसं होती. सिंहस्थाची कामं चालू असताना आपल्याकडेही ती असायला हवीत, आणि ती मोठ्या संख्येने हवीत.

बाणगंगेहून चौपाटीमार्गे गिरगाव. चौपाटीवर लोकमान्यांचा पुतळा आहे. १ ऑगस्ट १९२० ला क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात ते गेले आणि अंत्यसंस्कार या वाळूत झाले. इथे थोडं थांबावं आणि मग आत शिरावं, कारण गिरगाव रस्त्यावरून दिसत नाही, वाड्यांमधून दिसतं. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतोय. खोताच्या वाडीत लाकडी जिने, कठड्यांचे सज्जे, निळी-तांबडी-पिवळी रंगवलेली दुमजली घरं आहेत. ईस्ट इंडियन ख्रिस्ती आणि पाठारे प्रभू इथे शेजारी राहत आले. एके काळी साठाहून जास्त अशी घरं होती, आता निम्मीही उरलेली नाहीत. गल्ली इतकी अरुंद आहे की समोरून स्कूटर आली तर भिंतीला चिकटावं लागतं. मी एका घराचा कठडा बघत उभी होते, तर वरून एका काकूंनी विचारलं, "कुणाकडे आलात?" म्हटलं, "कुणाकडे नाही काकू, नाशिकहून बघायला आलेय." त्या म्हणाल्या, "बघा बघा. फोटो काढा, पण खिडकीतून आतले नका काढू." एवढं साधं पथ्य सगळ्यांनी पाळायला हवं. ही लोकांची घरं आहेत.

खोताची वाडी बघताना मला आपलं जुनं नाशिक दिसत राहतं. तिवंधा, भद्रकाली, सराफ बाजाराच्या मागच्या गल्ल्या. दर पावसाळ्यात एखादा वाडा पडतो, बातमी येते, ढिगारा उचलला जातो आणि सागवानी खांब भंगारात जातात. गिरगावातले लोक निदान त्या वाडीची गोष्ट सांगतात, लोकांना हिंडवून दाखवतात. आपल्याकडे किती पालकांनी मुलांना तांबट लेनमधून चालवलंय?

याच गिरगावात, कॉरोनेशन थिएटरात, ३ मे १९१३ ला फाळक्यांचा पहिला चित्रपट लोकांसमोर आला. भारतीय कथाचित्रपटाची सुरुवात ती. थिएटर आज नाही. पण त्या रस्त्याने चालताना मुलांना सांगावं की हा माणूस आपल्या त्र्यंबकचा, यशानंतर तो मुंबई सोडून नाशिकला आला आणि पुढचे चित्रपट त्याने नाशिकला केले. १९४४ साली गेलाही नाशिकलाच. आपण पांडवलेणीच्या पायथ्याच्या फाळके स्मारकात मुलांना खेळायला नेतो, पण हा धागा कुणी जोडून देत नाही.

आता परळ. हा भाग कुठल्याच सहलीच्या यादीत नसतो, आणि माझ्या मते तो पहिला असायला हवा.

२ मार्च १९३० ला, अस्पृश्य मानलेल्यांना देवळात प्रवेश मिळावा म्हणून, काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. देवळाचे दरवाजे बंद झाले, हजारो माणसं बाहेर बसली, आणि हा लढा पुढे वर्षानुवर्षं चालला. आपण नाशिककर त्या दारासमोरून रोज जातो-येतो. पण हा सत्याग्रह पुकारणारे बाबासाहेब तेव्हा राहत होते कुठे? परळच्या बीआयटी चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. परदेशातल्या पदव्या घेऊन आलेला बॅरिस्टर, गिरणी कामगारांच्या शेजारी, सामायिक व्हरांडा, सामायिक नळ. तिथून नाशिकला, सत्याग्रहाचे इथले पुढारी दादासाहेब गायकवाड यांना पत्रं जायची. ती पत्रं पुढे पुस्तकरूपाने छापून आली आहेत, नाशिकच्या प्रत्येक घरात असावीत अशी.

चाळीच्या जिन्याच्या पायऱ्या पावलांनी झिजलेल्या आहेत. खाली पाणी भरणाऱ्या बाईंनी आम्ही काही विचारायच्या आतच सांगितलं, "बाबासाहेबांची खोली ना? वर जा." वर व्हरांड्यातून चालताना दोन्ही बाजूंना संसार चालू होते, कुकरच्या शिट्ट्या, वाळत घातलेले कपडे. मी पुतळे आणि स्मारकं खूप बघितली आहेत, पण त्या खोलीच्या दारात उभं राहून काळारामाचा दरवाजा जसा आठवला, तसा कधी आठवला नव्हता. खोली किती लहान, आणि तिथून हललेला दरवाजा केवढा मोठा.

तिथून दादर. हिंदू कॉलनीतलं राजगृह, पुस्तकांसाठी बांधलेलं घर. मग पश्चिमेला चैत्यभूमी. आपल्या जिल्ह्यातल्या येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ ला "हिंदू म्हणून मरणार नाही" हे त्यांनी जाहीर केलं. काळाराम, येवला, परळ, राजगृह, चैत्यभूमी ही एकच वाट आहे आणि तिचा अर्धा भाग आपल्या अंगणात आहे.

परळला गेलात तर गिरण्यांच्या चिमण्याही बघा, ज्या थोड्या उरल्यात त्या. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते. पुढे गिरण्या बंद पडल्या आणि आज त्यांच्या जमिनींवर मॉल आणि काचेच्या इमारती आहेत. सातपूर-अंबडमध्ये ज्यांच्या घरातली माणसं कामाला आहेत, त्यांनी लालबागच्या चाळींमधून एकदा हिंडावं. एमआयडीसी बंद पडली तर शहराचं काय होतं, हे तिथे कळतं.

घारापुरी, ससून डॉक, वरळी कोळीवाडा, कान्हेरी यांच्यावर वेगळं लिहावं लागेल. फक्त एक सांगते. आपल्या पांडवलेणीत क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, त्यात शूर्पारक म्हणजे आजचं नालासोपारा येतं, आणि डहाणूकडच्या नदीवर त्याने लोकांसाठी फुकट नावा ठेवल्याचाही उल्लेख आहे. घाटावरची आणि किनाऱ्यावरची माणसं जवळपास दोन हजार वर्षं एकमेकांकडे जाऊन-येऊन आहेत. आजही मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्यात आपल्या जिल्ह्यातल्या अप्पर वैतरणाचं पाणी आहे. त्यामुळे मुंबईत पाहुण्यासारखं बिचकत हिंडायचं आपल्याला काहीच कारण नाही.

लोक म्हणतात, चाळीत आणि गल्लीत मुलांना काय दाखवायचं, ती कंटाळतात. माझा अनुभव उलटा आहे. मुलं बसमध्ये कंटाळतात. गल्लीत गोमुख, वाघ-सिंह, लाकडी जिना, बदकं, वडापाव असं दर पाच मिनिटांनी काहीतरी असतं. खर्चही कमी. लोकल, बेस्ट आणि आता गिरगावातून जाणारी भुयारी मेट्रो एवढ्यात सगळं बसतं.

शाळांच्या सहली आता ठरतील. नाशिकच्या शिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती आहे की आठवी-नववीच्या मुलांना आदल्या दिवशी काळाराम मंदिराच्या दारात न्या आणि सत्याग्रहाची गोष्ट तिथे सांगा. दुसऱ्या दिवशी पंचवटीने दादरला उतरा, आधी राजगृह, मग परळची चाळ, दुपारी लालबाग, शेवटी चैत्यभूमी आणि समोरचा समुद्र. चाळीत एका वेळी दहा-बारा मुलंच वर न्या, बाकीची खाली थांबू देत, तिथल्या लोकांना त्रास नको. परतीची पंचवटी सव्वासहाला सीएसएमटीहून सुटते आणि दादरला थांबते, त्यामुळे सहाच्या आत दादर स्टेशन गाठा. कुठल्या शाळेला वाट दाखवायला माणूस हवा असेल तर मी यायला तयार आहे.