छाती दाबायची की श्वास द्यायचा?

"रस्त्यात माणूस पडला तर हात लावू नये. गर्दी हटवावी, हवा येऊ द्यावी आणि डॉक्टरला बोलवावं," अण्णा म्हणाले आणि काल संध्याकाळचा वाद पेटला. अण्णा एसटीतून रिटायर झालेले. रस्त्यावरच्या भानगडींत त्यांचा शब्द कट्ट्यावर कुणी सहसा मोडत नाही. काल पायलटने मोडला.

पायलट म्हणजे आमच्यातला १०८ ची गाडी चालवणारा. त्यांच्याकडे ड्रायव्हरला पायलटच म्हणतात. "अण्णा, तो श्वासच घेत नसेल तर तुम्ही येऊ दिलेली हवा आत जाणार कशी?" तो म्हणाला. "आम्ही पोचतो तेव्हा भोवती माणसं उभी असतात. कुणी नाकाला कांदा लावतोय, कुणी चप्पल हुंगवतोय, कुणी बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओततोय. छातीवर मात्र एकाचाही हात नसतो. हृदय थांबल्यावर काहीच केलं नाही, तर दर मिनिटाला वाचायची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. गाडी मी कितीही दामटली तरी पहिल्या पाच मिनिटांत दारात कसा येणार?"

"पण घरघर चालू असते की! म्हणजे श्वास आहे," अण्णा.

इथे पायलट बाकड्यावरून उठलाच. ती घरघर म्हणजे श्वास नव्हे, हे त्याने पुन्हापुन्हा सांगितलं. पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं तोंड उघडतं, मधेच एखादा आचका येतो, छाती मात्र नीट हलत नाही. लोक याच आचक्यांना फसतात. खांदे हलवून मोठ्याने हाक मारायची, जास्तीत जास्त दहा सेकंद छातीकडे बघायचं. ओ देत नाही आणि नीट श्वासही नाही, म्हणजे हृदय थांबलं असंच धरायचं. फोन स्पीकरवर टाकून १०८ लावायचा आणि दाबायला लागायचं.

कसं दाबायचं ते त्याने स्कूटरच्या सीटवर करून दाखवलं. छातीच्या मधोमध जे उभं हाड असतं, त्याच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळहाताचा मनगटाकडचा भाग ठेवायचा, त्यावर दुसरा हात. कोपरं ताठ, खांदे बरोबर हातांच्या वर. जोर दंडातून नाही, कमरेपासून वरच्या सगळ्या वजनाचा. मोठ्या माणसाची छाती निदान ५ सेंटीमीटर खाली गेली पाहिजे, ६ च्या पुढे नको. मिनिटाला १०० ते १२० वेळा. आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, कारण त्या सुटलेल्या क्षणातच हृदयात पुन्हा रक्त भरतं. आमच्यातल्या एकाने करून बघितलं. एका मिनिटात घामाघूम झाला आणि त्याची कोपरं वाकायला लागली. म्हणूनच दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा.

"बरगडी मोडली तर? पोलीस मलाच धरतील," अण्णांनी शेवटचा मुद्दा काढला.

"मोडते कधीकधी. मोडलेली बरगडी जुळते," पायलट म्हणाला. कायद्याचं मी सांगितलं. अपघातातल्या जखमीला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण आहे, कलम १३४ अ. आणि अपघात नसला, तरी दुसऱ्याच्या भल्यासाठी प्रामाणिकपणे केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३० आहे.

एवढ्यावर विषय मिटला असता. पण सर बोलले. सर पोरांना पोहायला शिकवतात. "हे सगळं मोठ्या माणसाचं झालं. विहिरीतून पोर बाहेर काढलं तर?"

"तेच. छाती दाबायची," पायलट म्हणाला, आणि खरं भांडण इथे जुंपलं.

पायलटचं म्हणणं साधं होतं. भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने आपल्याकडे सामान्य माणसासाठी नुसतं छाती दाबायचं शिक्षण सुरू झालं, ते विचार करूनच. मोठा माणूस अचानक कोसळतो तेव्हा त्याच्या रक्तात काही मिनिटं पुरेल इतका प्राणवायू असतो, तो मेंदूपर्यंत फिरता ठेवला तरी पुष्कळ. शिवाय अनोळखी तोंडाला तोंड लावायला लोक कचरतात. "दोन गोष्टी शिकवल्या की घाबरून एकही करत नाहीत," तो म्हणाला.

"मोठ्या माणसाचं कबूल," सर म्हणाले. "पण पोराचं हृदय बहुतेक वेळा आधी थांबत नाही, आधी श्वास थांबतो. बुडालं, घशात काही अडकलं, दम कोंडला. हृदय थांबेपर्यंत रक्तातला प्राणवायू संपलेला असतो. मग नुसतं दाबून फिरवणार काय?"

मला सरांचं पटतं. मे महिन्यात आपल्या गावागावांत पोरं विहिरीवर, कालव्यावर जातात. बुडालेल्या पोराला बाहेर काढल्यावर त्याला उलटं धरतात, पोट दाबून पाणी काढतात. त्या पाणी काढण्यात मोलाची मिनिटं जातात, आणि पोटातलं वर आलेलं फुप्फुसात जाऊ शकतं. त्याऐवजी डोकं मागे, हनुवटी वर, नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्यायचा. एक सेकंदाचा, छाती वर आलेली दिसेल एवढाच. युरोपच्या नियमांत मुलांना सुरुवातीलाच ५ श्वास आहेत. मग ३० दाब, २ श्वास, हेच चालू ठेवायचं. शिकलेले दोघे असतील तर मुलांना १५ ला २. दाब छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश, मूल लहान असेल तर एकाच हाताने. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर डोकं फार मागे न्यायचं नाही, आपल्या तोंडात त्याचं नाक-तोंड दोन्ही घ्यायचं आणि छाती ४ सेंटीमीटरच दाबायची. पूर्वी बाळाला दोन बोटांनी दाबा म्हणायचे. अमेरिकेच्या २०२५ च्या नियमांत ती पद्धत काढून टाकली. आता दोन्ही हातांनी छाती वेढून अंगठ्यांनी, नाहीतर एका तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने.

चहावाल्या वहिनी गाळणी हातात घेऊन ऐकत होत्या. त्यांची नात रांगतेय. "शेंगदाणा अडकला तर?" सरांनी आपल्या हातावर पिशवी पालथी ठेवून दाखवलं. बाळ पालथं, डोकं खाली, पाठीत दोन खांद्यांच्या मध्ये ५ थापा. मग उताणं करून छातीवर ५ दाब. पोट दाबायचं नाही, आणि दिसत नसताना घशात बोट घालायचं नाही, दाणा अजून आत जातो.

पायलट शेवटी एवढं मान्य करून बसला की मूल असेल किंवा कुणालाही पाण्यातून काढलं असेल, तर श्वास हवाच. पण त्याने एक अट घातली, आणि सरांनीही ती लगेच मानली: श्वास देणं जमत नसेल तर निदान दाबत राहायचं, हात बांधून उभं राहायचं नाही. पुढच्या रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये दोघं मिळून शिकवणार आहेत. सरावासाठी मोठ्या माणसाचा पुतळा पायलट मागून आणणार, बाळाचा सर.

"माझे गुडघे गेलेत. मला खाली बसता येत नाही, मी येऊन काय करू?" अण्णांनी विचारलं.

"तुमचं काम मोठं आहे," पायलट म्हणाला. "१०८ ला पत्ता नीट सांगायचा, एका पोराला नाक्यावर उभं करायचं म्हणजे मी गल्ली चुकणार नाही. आणि दाबणाऱ्याच्या शेजारी उभं राहून मोठ्याने मोजायचं. दहापर्यंतच मोजा, तीनदा. एकवीस-बावीस म्हणायला गेलात की लय मोडते. दोन मिनिटं झाली की ओरडायचं, बदला!"

अण्णांनी तिथेच एक ते दहा मोजून बघितलं. सावकाश मोजत होते. पायलटने मांडीवर ताल धरून त्यांचा वेग वाढवला.