होतकरू हुकूमशहांसाठी थोडं मार्गदर्शन

सत्ता हाती आल्याबद्दल आधी अभिनंदन. विरोधक तुरुंगात गेले, मेहुणा गृहमंत्री झाला, चौकाचौकात पुतळे बसले, की मग एकच प्रश्न उरतो: अमेरिकेचं काय करायचं? घाबरू नका. तुम्ही किती माणसं मारलीत यावर वॉशिंग्टनचं वागणं ठरत नाही. तुमच्या तळघरात काय आहे, यावर ठरतं.

तळघर रिकामं असेल तर तुमचं काही खरं नाही. सद्दामचं बघा. 1983 मध्ये अमेरिकेचे दूत डोनाल्ड रम्सफेल्ड खास बगदादला येऊन त्याच्याशी हात मिळवून गेले. वीस वर्षांनी तेच रम्सफेल्ड संरक्षणमंत्री होते आणि बगदादवर फौजा चालून आल्या. महासंहारक अस्त्रांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांनी सगळं धुंडाळलं होतं, हाती काही लागलं नव्हतं. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी तरीही अस्त्रं आहेतच म्हणत सुरक्षा परिषदेत एक इवलीशी कुपी उंचावून दाखवली. अस्त्रं काही मिळाली नाहीत, सद्दाम मात्र 13 डिसेंबर 2003 ला तिक्रितजवळच्या एका खड्ड्यात मिळाला.

हे पाहून लिबियाच्या मुअम्मर गद्दाफीला उपरती झाली. करून करून भागला आणि देवपूजेला लागला! सद्दाम सापडल्यावर सहाच दिवसांत लिबियानं अणुकार्यक्रम सोडल्याचं जाहीर केलं. जानेवारीत यंत्रसामग्री विमानात भरून टेनेसीतल्या ओक रिजला रवाना झाली. बॉम्बचे आराखडेही त्यानं देऊन टाकले, तेसुद्धा इस्लामाबादच्या एका शिंप्याच्या पिशवीत घालून, कारण ते आले होते तसेच. सगळे खूश. ब्रिटनचे पंतप्रधान टोनी ब्लेअर त्याच्या तंबूत येऊन गेले. 2008 मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री कोंडोलिझा राईस आल्या, तेव्हा गद्दाफीनं त्यांना अंगठी आणि स्वतःचा फोटो घातलेलं लॉकेट दिलं. भेटवस्तूंची किंमत दोन लाख डॉलरच्या वर. तीन वर्षांनी नाटोची विमानं आली आणि सिर्तजवळच्या एका पाइपातून त्याला बाहेर ओढण्यात आलं. ‘आम्ही आलो, आम्ही पाहिलं, तो मेला,’ असं तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन कॅमेऱ्यासमोर हसत म्हणाल्या. अंगठी दिल्यानं काही होत नाही, हे लक्षात घ्या.

अर्धवट तयारीही नको. इराणनं 2015 मध्ये अणुकरार केला, तो पाळतोय असं निरीक्षक वेळोवेळी सांगत होते. 2018 मध्ये ट्रम्प करारातून उठून गेले. जून 2025 मध्ये इराणच्या फोर्दो अणुकेंद्रावर अमेरिकेचे बॉम्ब पडले. (युक्रेनची गोष्ट इथे काढायची नाही. त्यांनी 1994 मध्ये बुडापेस्टला अण्वस्त्रांच्या बदल्यात सुरक्षेच्या आश्वासनावर सह्या घेतल्या होत्या. ती हुकूमशाही नसल्यानं आपल्या अभ्यासक्रमात येत नाही.)

अभ्यासाला घ्या पाकिस्तानचे झिया-उल-हक साहेब. शेजारी अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा होत्या, म्हणून कार्टर यांनी 1980 मध्ये मदतीचे 40 कोटी डॉलर देऊ केले, तेव्हा ‘हे तर शेंगदाणे’ म्हणून त्यांनी नाकारले. कार्टर यांची शेती शेंगदाण्यांचीच होती! पुढे रेगन आले आणि बोलणी 320 कोटींवर मिटली. 1985 नंतर तर मदत हवी असेल तर पाकिस्तानकडे अण्वस्त्र नाही, असं अमेरिकन राष्ट्राध्यक्षांनीच दरवर्षी लिहून द्यायचा कायदा झाला, आणि त्यांनी ते इमानेइतबारे लिहून दिलं. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानातून परत गेल्या आणि 1990 मध्ये अमेरिकेची नजर एकाएकी सुधारली: बॉम्ब दिसू लागला, मदत बंद झाली. आपल्या तारापूरच्या अणुभट्टीचं इंधन मात्र अमेरिकेनं स्वतःच्या 1978 च्या कायद्यावर बोट ठेवून अडवलं होतं. लोकशाहीत असल्या अडचणी येतात, तुम्हाला त्या नाहीत.

त्या शिंप्याच्या पिशवीमागचे, बॉम्बचं तंत्र विकणारे पाकिस्तानी अणुशास्त्रज्ञ ए. क्यू. खान 4 फेब्रुवारी 2004 ला टीव्हीवर येऊन चुकलो म्हणाले, दुसऱ्या दिवशी त्यांना माफी मिळाली, आणि जूनमध्ये अमेरिकेनं पाकिस्तानला नाटोबाहेरचा प्रमुख मित्र केलं. माल परत करणारा पाइपात, विकणारा मित्र.

पण खरे गुरू उत्तर कोरियात, प्योंगयांगला. 1994 मध्ये अणुभट्टी थांबवण्याच्या बदल्यात वर्षाला पाच लाख टन तेल पदरात पडलं. 2000 मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री मॅडेलिन ऑलब्राइट मायकेल जॉर्डनची सही असलेला बास्केटबॉल घेऊन आल्या. 2006 मध्ये पहिली अणुचाचणी झाली. 2008 मध्ये अणुभट्टीचा एक जुना कूलिंग टॉवर कॅमेऱ्यासमोर उडवून दिला, तर अमेरिकेच्या दहशतवाद पोसणाऱ्यांच्या यादीतून नाव निघालं. किम जोंग उन साहेबांनी 2017 मध्ये सहावी चाचणी केली तेव्हा ट्रम्प त्यांना ‘रॉकेट मॅन’ म्हणत होते. पुढच्याच जूनमध्ये दोघं सिंगापूरला हातात हात घालून उभे. किमसाहेब चीनच्या विमानानं गेले, राहण्याचा खर्च सिंगापूरनं केला. सप्टेंबरपर्यंत ट्रम्प भर सभेत ‘आम्ही प्रेमात पडलो’ म्हणून सांगत होते.

तेव्हा बॉम्ब तयार झाला की पत्रव्यवहाराला लागा. पाकीट मोठं घ्या. सिंगापूरआधी किमसाहेबांचा दूत व्हाइट हाउसमध्ये घेऊन आला होता तेवढं, फोटोत दोघांच्या मधे ठळक दिसेल असं. ट्रम्प बाहेर येऊन पत्रकारांना म्हणाले, फार छान पत्र आहे. थोड्या वेळानं म्हणाले, अजून उघडलेलं नाही. त्यामुळे मजकुरावर फार वेळ घालवू नका.