दोन स्टारवाल्या साहेबांना, चार डिस्कस गेले त्याबद्दल

नमस्कार साहेब. तुमचा रिव्ह्यू चवथीनंतर दुकान उघडलं त्याच दिवशी वाचला, तेव्हा डोकं तापलेलं म्हणून गप्प बसलो, आज लिहितोय. बायको म्हणते एवढं कोण वाचणार, पण फोंड्यात दुकान चालवायचं तर उत्तर द्यायलाच पाहिजे, आणि तुम्ही लिहिलंय त्यातलं अर्धं खरं आहे.

ज्यांनी रिव्ह्यू वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. साहेबांनी ऑगस्टच्या सुरुवातीला आमच्याकडून सहा डिस्कस (थाळीसारखे चपटे, गोल मासे) नेले, अडीच-तीन इंची. चवथीत चार मेले. त्यांचं म्हणणं असं की मासे आधीच आजारी होते, पीएच डाऊनची (पाण्याचा पीएच उतरवायच्या औषधाची; पीएच जितका कमी तितकं पाणी आंबट) बाटली मागितली तर आम्ही दिली नाही, डिस्कसला पीएच ६ लागतो हे आम्हाला माहीत नाही, आणि अडचणीच्या वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं तर आमच्या पोराने "पाणी बदला" एवढंच सांगितलं, नळाच्या पाण्याने बदललं आणि सकाळी मासे मेले.

शेवटचं आधी घेतो कारण तिथे चूक आमची आहे. तुम्ही रात्री नऊ वाजता दोन टेस्ट ट्यूबचे फोटो पाठवले होते. तुमचा गणपती पाच दिवसांचा, आमचा सात दिवसांचा, मी गावी होतो आणि फोन दुकानातल्या पोराकडे. तो फोटो मी दुसऱ्या दिवशी दुपारी बघितला आणि बघताक्षणी पोटात गोळा आला. पीएचची ट्यूब पिवळीधम्मक, म्हणजे पाणी आंबट, आणि अमोनियाची काळपट हिरवी, म्हणजे माशांच्या घाणीतला अमोनिया भरपूर. पोराने अमोनिया बघून आम्ही सगळ्यांना सांगतो तेच सांगितलं, अर्ध्याहून जास्त पाणी बदला. शंभरातल्या नव्वद टाक्यांना ते बरोबर असतं, तुमच्या टाकीला नव्हतं. त्याला मी कधी शिकवलंच नव्हतं की अशा वेळी पीएच आधी बघायचा, म्हणजे चूक त्याची नाही, माझी.

आता नक्की काय झालं ते सांगतो, कारण तुम्ही म्हणताय नळाच्या पाण्याने मारलं आणि ते तसं नाहीये, म्हणजे आहेही आणि नाहीही.

तुम्ही महिनाभर टाकी विहिरीच्या पाण्यावर चालवली. मला सांगितलं नव्हतं, मी नळाचं पाणी धरून चाललो होतो, पण मीही विचारलं नाही. आपल्याकडची विहीर म्हणजे चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्याच्या जमिनीतलं पाणी, पावसाने त्यातला चुना कधीच धुऊन नेलेला, प्यायला गोड, डाळ पटकन शिजते, पण त्यात केएच जवळजवळ नसतो. केएच म्हणजे आम्ल पचवायची पाण्याची ताकद. भांडायला आलात तेव्हा तुम्ही जी विहिरीच्या पाण्याची बाटली काउंटरवर आपटून गेलात ना, ती मी टेस्ट केली. उघडल्या उघडल्या पीएच ५.८. मग तेच पाणी बादलीत ओतून रात्रभर एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावला, सकाळी ६.८. त्यात काही टाकलं नव्हतं, विहिरीच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उडून गेला एवढंच. आणि केएचच्या टेस्टला पहिल्या थेंबालाच रंग बदलला, म्हणजे एक डिग्रीसुद्धा नाही.

असल्या पाण्यात मासे खातात, हगतात, त्यातून अमोनिया होतो, फिल्टरमधले बॅक्टेरिया त्या अमोनियाचं नायट्रेट करतात आणि ते करताना आम्ल तयार होतं. केएच असेल तर ते आम्ल पचतं, नसेल तर पीएच घसरत जातो. साडेसहाच्या खाली गेला की ते बॅक्टेरिया सुस्तावतात, सहाच्या आसपास कामच टाकतात. तुमची किट सहाच्या खाली दाखवतच नाही, खरा पीएच साडेपाच असला तरी ती पिवळी होऊन सहाच सांगणार. तुम्ही खुश, की वा, डिस्कसला पाहिजे तसा ६ मिळाला. इकडे फिल्टर बंद पडल्यातच जमा. वर पाच दिवस तुम्ही गावी, शेजाऱ्यांनी प्रेमाने दिवसातून तीनदा ब्लडवर्म (माशांच्या खाण्याच्या लाल अळ्या) घातले.

तरी मासे जिवंत होते, कारण कमी पीएचला अमोनिया अमोनियमच्या रूपात असतो आणि ते रूप त्यामानाने निरुपद्रवी. टेस्ट किट दोन्ही एकत्र मोजते, म्हणून अमोनिया ८ दाखवत होती आणि मासे फिरत होते. मग तुम्ही ६० टक्के नळाचं पाणी घातलंत. आमच्या बाजूला ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाचं पाणी येतं, माझ्या दुकानातल्या नळाला साडेसातच्या वर पीएच आणि तीनेक डिग्री केएच लागतो, तुमच्याकडेही तसाच असणार, कारण सकाळी तुम्ही उरलेले दोन मासे ज्या बादलीतून आणलेत तिच्यातल्या पाण्याचा पीएच पोराने ७.६ लिहून ठेवलाय, अमोनिया ४ च्या आसपास.

पीएच ६ वरून ७.६ वर गेला की विषारी अमोनियाचं प्रमाण साधारण ४० पट होतं. तुम्ही ६० टक्के पाणी काढून टाकलंत म्हणजे ४० टक्के घाण उरली, तरी हिशोब करा, विष पंधरा-सोळा पट वाढलं, तेही अर्ध्या तासात. त्यात पाणी पावसाळ्यातलं गार, २९ अंशांवरून टाकी खाली आली असणार. अँटीक्लोर तुम्ही घातलं होतं, बरोबर केलंत, पण ते साधं थायोसल्फेट, क्लोरीन मारतं, अमोनियाला काही करत नाही.

करायला हवं होतं ते असं. खाणं बंद, हवा फुल, आणि रात्रभर हवा दिलेल्या विहिरीच्याच पाण्याने दर थोड्या वेळाने दहा टक्के बदलत राहायचं, पीएच वर न चढवता. अमोनिया खाली आल्यावर मग हळूहळू नळाचं पाणी मिसळायचं. हे त्या रात्री मी फोनवर सांगितलं असतं तर कदाचित सहाही वाचले असते. हे लिहिताना बरं वाटत नाहीये.

आता जे मला मान्य नाही ते. मासे आजारी नव्हते. त्याच लॉटमधले अकरा अजून दुकानात मागच्या टाकीत आहेत, कधीही या, बघा, हातासमोर खायला घालतो. आणि डिस्कसला पीएच ६ लागतोच हे डोक्यातून काढा. रिओ नेग्रोच्या काळ्या पाण्यातला जंगली डिस्कस ४-५ पीएचमध्ये राहतो हे खरं. आपण विकतो ते चेन्नईच्या बाजूच्या फार्मवरचे, साडेसातच्या पाण्यातच मोठे झालेले, त्यांच्या आजोबांनीही अ‍ॅमेझॉन बघितलेलं नाही. पिल्लांसाठी जोडी लावायची असेल तर मऊ पाणी लागतं, अंडी फुटतात नीट. नुसतं पाळायला सात, साडेसात काहीही चालतं, रोज तेच राहिलं पाहिजे.

पीएच डाऊन मी ठेवत नाही आणि ठेवणारही नाही, त्यात माझा धंदा बुडाला तरी चालेल. नळाच्या पाण्यात घातलं तर केएच ते पचवतो, संध्याकाळी ६.८, सकाळी परत साडेसात, मग माणूस अजून ओततो, आणि मासा झोपाळ्यावर. विहिरीच्या पाण्यात तर चार थेंबांनी खड्ड्यात. बदामाची पानं पाहिजेत तेवढी न्या, दुकानासमोर झाड आहे, पिशवी भरून फुकट देतो, पाण्याला रंग येतो, माशांना मानवतात, पण नळाच्या पाण्याचा पीएच त्याने फारसा हलत नाही हेही सांगूनच देतो.

आता पुढचं. तुमचे दोन डिस्कस आमच्याकडे आहेत, एकाचे पंख अजून झडलेले दिसतात पण दोघंही खातायत. चार मेले त्यांच्या बदल्यात चार देतो, पैसे नकोत, पण लगेच नाही. आधी टाकी तीन आठवडे नीट चालू दे. विहिरीचंच पाणी वापरायचं असेल तर वापरा, नळाला तुमच्याकडे दिवसाआड पाणी येतं म्हणालात. फक्त फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत मूठभर कालवांच्या कवच्या ठेवा, मीठ जाईपर्यंत धुऊन, उकळून, वाळवून, जरा कुटून. चुना हळूहळू सुटतो, पाणी आंबट व्हायला लागलं की जास्त सुटतो, आपोआप सांभाळतं. जास्त घालू नका. दर आठवड्याला पीएचसोबत केएच मोजा, दोनच्या खाली जाऊ द्यायचा नाही.

आणि आमच्याकडून एक बदल केलाय, आता डिस्कस घेणाऱ्याने आधी स्वतःच्या टाकीचं पाणी आणायचं, टेस्ट केल्याशिवाय मासा पिशवीत जाणार नाही, ओळखीचा असला तरी. पिशवीवर पीएच लिहायचो तिथे आता केएचही लिहितोय. दोन गिऱ्हाइकं यावरून नाराज होऊन गेली पण, असो.

स्टार वाढवा असं म्हणत नाही, चार मासे गेलेत, दोन स्टार ठीक आहेत. "आजारी मासे विकतात" तेवढं वाक्य काढलंत तर बरं होईल. रविवारी दुकान बंद असतं, बाकी कधीही या, येताना टाकीचं पाणी एका बाटलीत आणि विहिरीचं रात्रभर हवा दिलेलं दुसऱ्या बाटलीत आणा, बाटल्यांवर नाव घाला, आणि ह्यावेळी काउंटरवर आपटू नका, काच नवीन बसवलीय. देव बरें करूं.