पाणबुडीचा बीपी

रिमोटवर चालणारी छोटी पाणबुडी घरी बनवतोय म्हटलं की लोक विचारतात, "ती बुडणार कशी?" बुडण्याची चिंताच नको. माझी पाणबुडी न सांगता बुडायची. सांगूनसवरून वर येत नव्हती, हे खरं दुखणं.

तत्त्व सोपं आहे. विल्यम बॉर्न या इंग्रजानं 1578 मध्येच लिहून ठेवलंय: वजन तेच ठेवा, आकारमान वाढवा, वस्तू तरंगेल; घटवा, बुडेल. माझ्या पाणबुडीचा पाण्यावर दिसणारा भाग 250 मिलिलिटरचा. मग तेवढी हवा मावेल अशी रबरी पिशवी बाहेरच्या सांगाड्यात, पाणी मोकळं खेळतं तिथे ठेवायची. आतल्या वॉटरप्रूफ नळकांड्यातली हवा पंपानं पिशवीत ढकलली की पिशवी फुगते, पाणी हटतं, स्वारी वर. व्हॉल्व्ह उघडला की पाणीच पिशवी पिळून हवा परत आत घालतं, स्वारी खाली.

पहिला फुगा स्क्रूच्या टोकाला भेटून वारला. मग सायकलच्या ट्यूबचा तुकडा घेतला आणि जागा होती म्हणून नाकात कोंबला. फुगल्याबरोबर पाणबुडी नाक आभाळाकडे करून उभी राहिली. पिशवी गुरुत्वमध्यापाशी हवी, एवढं तरी कळलं.

अशात मला आईचं बीपीचं मशीन दिसलं. पंप, व्हॉल्व्ह, रबरी पिशवी – तिन्ही एकाच डब्यात!

"अरे, माझं मशीन कुठंय?"

"जरा पाण्याखाली आहे, आई."

ती काहीच बोलली नाही. बीपी मोजायची सोय नव्हती म्हणून आकडा कळला नाही, इतकंच.

रेडिओचं सांगत बसत नाही. 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात लगेच विरतात, म्हणून जुना 40 मेगाहर्ट्झचा सेट शोधला. तळ्यावर कळ दाबली. घुर्रर्र करत पाणबुडी खरोखर वर आली! मी टाळ्या वाजवल्या. ती अर्धा तास डौलात तरंगली आणि पिशवी टम्म फुगलेली असताना शांतपणे बुडाली.

हा घोळ मला रात्री उमगला. नळकांड्यात हवा सव्वा लिटर; त्यातली पाव लिटर पिशवीत गेली की आतला दाब एक पंचमांशानं उतरतो. म्हणजे पृष्ठभागावर असूनही ओ-रिंगवर, म्हणजे सांध्यातून पाणी आत येऊ न देणाऱ्या रबरी कडीवर, 2 मीटर खोलीइतका ताण! एरवी शहाणी असलेली ओ-रिंग नेमकी वर आल्यावर पाणी पीत होती. तिच्यावर केस चिकटला होता. एक. माझाच, आणि माझ्याकडे ते फारसे उरलेले नाहीत.

शेवटी मशीन पुसून, वाळवून, जोडून आईला परत केलं. तिनं पट्टा बांधला, बटण दाबलं. ओळखीचं घुर्रर्र झालं आणि तिच्या कोपरावरून तळ्याच्या पाण्याची बारीक धार ओघळली.

"वर किती आणि खाली किती, ते सांग," आई म्हणाली.