अर्धविराम आणि अर्धा गुण

निवृत्त माणसाने पहाटे फिरायला जावे, दुपारी वर्तमानपत्रातले शब्दकोडे सोडवावे आणि संध्याकाळी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरून भांडावे, असा आमच्या सांगलीतला सर्वसाधारण परिपाठ आहे. कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षे गणित शिकवून बाहेर पडलेल्या मला मात्र वेगळीच दुर्बुद्धी सुचली. वरच्या मजल्यावरच्या बारावीतल्या मुलीला मी जी उदाहरणे घालतो, त्यांची उत्तरे संगणकाकडून तपासून घ्यावीत, असे मला वाटले. माझ्या जुन्या लॅपटॉपवर दिवाळीत विंडोजसारखीच पण फुकट असलेली डेबियन लिनक्स ही संगणकप्रणाली बसवून देणाऱ्या पुण्याच्या भाच्याला मी फोन केला. "मामा, मॅक्सिमा नावाचा गणित सोडवणारा प्रोग्राम घ्या. फुकट आहे आणि एका ओळीत बसतं," तो म्हणाला. 'फुकट' हा शब्द कानी पडल्यावर पुढचे मी फारसे ऐकले नाही.

ती ओळ म्हणजे 'सुडो आप्ट इन्स्टॉल मॅक्सिमा'; यातले 'सुडो' म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने काम करण्याची आज्ञा. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडली. ती लिहिताच संगणकाने पासवर्ड मागितला. मी तो टाइप करू लागलो, तर पडद्यावर अक्षर सोडाच, साधी चांदणीही उमटेना. कळफलक बिघडला असावा, अशा समजुतीने मी तोच पासवर्ड अधिक जोर लावून पुन्हा त्याच्याच पुढे टाइप केला आणि अर्थातच तो चुकला. यथावकाश बरोबर पासवर्ड गेला, तेव्हा उत्तर आले की तुमचे नाव सुडोच्या यादीत नाही आणि या घटनेची माहिती वर कळवली जाईल. तीस वर्षांच्या नोकरीत एकही मेमो न घेतलेल्या माणसाला घरच्या स्वयंपाकघरात बसून हे वाचावे लागले. डेबियन बसवताना रूट नावाच्या मुख्य प्रशासकाला वेगळा पासवर्ड दिला, की साध्या वापरकर्त्याला सुडोचा अधिकार आपोआप मिळत नाही, असे भाच्याने समजावले. म्हणजे तक्रार जिच्याविरुद्ध होती ती व्यक्ती मी आणि ज्या प्रशासकाकडे ती जाणार होती तोही मीच. मग रूट होऊन मी स्वतःचे नाव सुडोच्या गटात घातले, लॉगआउट झालो, परत आलो आणि स्वतःच मंजूर केलेल्या अधिकाराने मॅक्सिमा बसवली. खरे बसवण्याचे काम चहा गार होण्याआधीच संपले.

मॅक्सिमा सुरू केली, तेव्हा पडद्यावर कंसात टक्क्याचे चिन्ह, आय आणि १ असा क्रमांक उमटला. शुभारंभ म्हणून मी २ + २ लिहून एंटर दाबले. काही झाले नाही. पुन्हा दाबले, पाच-सहा वेळा दाबले; कर्सर तेवढा शांतपणे एकेक ओळ खाली सरकत राहिला. टर्मिनलवर मॅक्सिमाच्या प्रत्येक आज्ञेच्या शेवटी अर्धविराम द्यावा लागतो आणि तो येईपर्यंत ही बाई तुमचे वाक्य संपलेच नाही असे धरून वाट पाहते, हे कळायला मला दुसरा फोन करावा लागला. '२ एक्स' लिहिल्यावर तिने ठणकावले की एक्स हे काही दोन संख्यांच्या मध्ये लिहायचे क्रियाचिन्ह नव्हे. गुणाकार हवा असेल तर चांदणी द्या. 'एक्स बरोबर ५' लिहिले, तर तिने तेच समीकरण परत वाचून दाखवले आणि एक्सला होता तसाच मोकळा सोडला. किंमत बहाल करायची तर बरोबरचे चिन्ह चालत नाही, अपूर्णविराम लागतो. मराठीच्या सरांना मी आयुष्यभर विरामचिन्हांवरून चिडवले, त्याची फेड अशी झाली.

साइन ३० विचारले, तेव्हा उत्तर आले: साइन ३०. प्रश्नच उत्तराच्या जागी उतरवून काढणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले आहेत. तिला कोनाचे अंश कळत नाहीत, रेडियन हे दुसरे मापच कळते. म्हणून मी पाय (π) भागिले ६ दिले, तर तेही तसेच परत आले, कारण नुसता पाय हे तिच्या लेखी एक सामान्य अक्षर आहे. खऱ्या पायच्या आधी टक्क्याचे चिन्ह लावावे लागते. ते लावले आणि १, त्याखाली रेघ, रेघेखाली २, असे वहीत लिहावे तसे उत्तर पडद्यावर आले. दशांश अपूर्णांक देण्याचा आगाऊपणा तिने केला नाही. त्या क्षणी मला तिच्याविषयी आदर वाटला, हे नाकारता येणार नाही.

आदर वाटल्यामुळे मी तिचे कुळ शोधले. तिची आई म्हणजे जवळजवळ त्याच नावाची, तिच्या आधीची मॅकसिमा (Macsyma). अमेरिकेतल्या एमआयटीत १९६८ साली, म्हणजे मी तिसरीत तेराचा पाढा चुकत होतो तेव्हा, तिच्यावर काम सुरू झाले. पुढे टेक्सास विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक विल्यम शेल्टर यांनी १९८२ पासून २००१ मध्ये निधन होईपर्यंत तिची एक प्रत, म्हणजेच आजची मॅक्सिमा, सांभाळली आणि १९९८ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याकडून ती सर्वांना मुक्तपणे देण्याची परवानगी मिळवली. एवढी वर्षे फुकट राबणाऱ्या गणिताच्या मास्तरापुढे माझी फोनवरची चिडचिड मला जरा ओशाळवाणी वाटली.

मग मी तिला माझा हुकमी प्रश्न घातला: एक्सचा एनवा घात, इंटिग्रेट करा. तिने उलट मलाच विचारले, "एन म्हणजे उणे १ आहे का?" नेहमीचे सूत्र जिथे चालत नाही, त्या याच उणे एकवर मी तीस वर्षांत किती मुलांना पाडले, याचा हिशेब नाही. मी थाटात 'नो' लिहिले आणि उत्तराची वाट पाहत बसलो; बऱ्याच वेळाने लक्षात आले की उत्तरालाही अर्धविराम लागतो.

तो दिला आणि उत्तर आले, अगदी बरोबर. मात्र शेवटी 'अधिक सी' नव्हते. एक भागिले एक्सचे विचारले, तर नुसता लॉग एक्स. केवल मूल्याच्या दोन उभ्या रेघाही नाहीत आणि सीही नाही. अचल सी विसरणाऱ्याचा अर्धा गुण मी कधी सोडलेला नाही. वरच्या मजल्यावरची मुलगी शेजारीच बसली होती. पडद्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "सर, हिचाही अर्धा कापणार?" मी वहीत लाल पेनाने 'मॅक्सिमा: साडेतीन पैकी तीन' असे लिहिले आणि खाली सही केली.

रात्री तिला बंद करण्यासाठी मी 'क्विट' लिहून आठवणीने अर्धविराम दिला. तिने 'क्विट' एवढेच म्हणून दाखवले. पुढे रिकामे कंसही लागतात, हे सांगणारा भाचा झोपला होता, म्हणून मी पुन्हा एकदा नुसते 'क्विट' लिहून लॅपटॉपचे झाकण मिटले. सकाळी उघडले तेव्हा बाई जाग्या होत्या आणि कर्सर लुकलुकत होता. या वेळी मीच अर्धविराम विसरलो होतो.