वेदना, विज्ञान, शून्य आणि एक एस्टोनियन अभ्यासक

मराठी माणसाला बौद्ध ग्रंथातले शब्द सोपे वाटतात, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. पंचस्कंध घ्या, म्हणजे बौद्ध विचारात माणूस ज्या पाच घटकांचा बनतो ते. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान. एकाही शब्दासाठी कोश उघडावासा वाटत नाही, म्हणून आपण उघडत नाही. आपली वेदना म्हणजे दुखणं; ग्रंथातली वेदना सुखद असते, दुःखद असते आणि धड दोन्ही नसलेलीही असते. विज्ञान म्हणजे सायन्स नव्हे, जाणीव. संज्ञा म्हणजे समोरचं 'हे निळं, हे झाड' असं ओळखणं. संस्कार म्हणजे मुंज-बारसं नाही आणि आईवडिलांचं वळणही नाही. कृती घडवणाऱ्या मनातल्या प्रवृत्ती. पाचातल्या चार शब्दांवर पाय घसरतो, आणि घसरलाय हे कळतही नाही. (इगतपुरीला विपश्यनेसाठी दहा दिवस बसून आलेल्यांना निदान वेदनेपुरतं हे ठाऊक असतं.)

हे आठवलं ते लिनार्ट मॅल या एस्टोनियन अभ्यासक-भाषांतरकारामुळे. जन्म 1938, ताल्लिन, मृत्यू 2010. एस्टोनिया हा साधारण 13 लाख वस्तीचा देश, म्हणजे एकट्या पुणे शहराच्या निम्म्याहून कमी. भाषा फिनिशच्या नात्यातली, संस्कृतशी सोयरीक नाही. तिच्यात लिंगभेद नाही, क्रियापदाला भविष्यकाळाचं वेगळं रूप नाही, विभक्त्या मात्र 14. या भाषेत मॅल यांनी मुळावरून भाषांतरं केली: धम्मपद 1977 साली, ताओ ते चिंग 1979, भगवद्गीता 1980, शांतिदेव या बौद्ध आचार्यांचं बोधिचर्यावतार 1982, कन्फ्यूशियसची वचनं 1988. म्हणजे पाली, चिनी आणि संस्कृत, तीनही. आणि हे सगळं सोव्हिएत अमलाखाली, जिथे धर्मग्रंथ छापणं ही साधी गोष्ट नव्हती.

त्यांच्या हाताशी आयता शब्द एकही नव्हता. 'वेदना' लिहायचं तर आधी ठरवावं लागणार की मुळात काय म्हटलंय. आपण 'वेदना'ला 'वेदना' लिहून पुढच्या ओळीवर जातो. माझं म्हणणं एवढंच आहे की या बाबतीत त्यांची गैरसोय हाच त्यांचा फायदा ठरला. समासांच्या बाबतीत तर त्यांची भाषा आपल्याहूनही सोयीची: एस्टोनियन शब्दाला शब्द जोडत सहज लांब जाते, मराठीत तीन पदं झाली की वाचणाऱ्याला धाप लागते.

ते काम करत ते गाव तार्तू. तिथल्या विद्यापीठात संस्कृत नवं नव्हतं. एकोणिसाव्या शतकात गावाचं नाव दोर्पात होतं तेव्हा लिओपोल्ड फॉन श्रोडर तिथे शिकवायचे. त्यांनी यजुर्वेदाची मैत्रायणी संहिता 1881 ते 1886 या काळात छापून काढली. ही शाखा आपल्या नाशिक-खानदेशकडची, तरी हे नाव आपल्याकडे किती जणांना माहीत असेल, शंकाच आहे.

मॅल यांच्या काळात त्याच विद्यापीठात युरी लोतमान आणि त्यांचा चिन्हशास्त्राचा (सेमिऑटिक्सचा) गट होता. या गटाच्या लेखसंग्रहात मॅल यांचा 1965 चा लेख आला, 'शून्य मार्ग'. शून्यता म्हणजे कोणत्याही गोष्टीला स्वतःचं स्वतंत्र अस्तित्व नाही हा बौद्ध विचार; युरोपीय भाषांत तिला 'रिकामेपण' म्हणायची पद्धत होती. मॅल यांनी गणितातला शून्य पुढे केला. फरक मोठा आहे. रिकामी खोली म्हणजे तिच्यात काही नाही. पण 50 मधला शून्य काढून बघा, 5 उरतात. म्हणजे तो काम करत होता, स्वतःची किंमत काही नसताना. पॅरिसच्या 'तेल केल' मासिकात 1968 साली त्यांचा लेख फ्रेंचमध्ये आला आणि तिथल्या विचारवंत ज्युलिया क्रिस्तेवा यांनी ही कल्पना उचलली. मराठीत हिशोबातलाही शून्य आणि 'शून्यात बघत बसला' यातलाही शून्यच. दोन्ही एकाच शब्दात मावल्यामुळे यात काही प्रश्न आहे हेच आपल्याला कधी दिसलं नाही.

मॅल यांनी आयुष्यभर अभ्यासलेला ग्रंथ म्हणजे अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमिता हे महायान बौद्ध सूत्र. नावात आठ हजार, म्हणून लोक श्लोक शोधत बसतात. ग्रंथ गद्य आहे. 32 अक्षरं म्हणजे एक एकक, हे लांबी मोजायचं जुनं माप, त्या मापाने साधारण आठ हजार. परिवर्त म्हणजे प्रकरणं 32. पहिल्याच परिवर्तात बुद्धांचा शिष्य सुभूती म्हणतो, 'नाहं भगवंस्तं धर्मं समनुपश्यामि यदुत बोधिसत्त्व इति.' मराठी डोक्याने वाचलं तर 'मला बोधिसत्त्व नावाचा धर्म दिसत नाही' असं काहीतरी भलतंच निघतं. इथे धर्म म्हणजे अस्तित्वात असलेला घटक, वस्तू. बोधिसत्त्व या नावाने दाखवता येईल अशी वस्तूच मला कुठे दिसत नाही, असं तो म्हणतोय. आणि हे बोधिसत्त्वांना शिकवायला उभा राहून!

करून बघण्यासारखा उपाय सोपा आहे. पुण्याच्या परशुराम लक्ष्मण वैद्यांनी संपादित केलेली प्रत घ्या, दरभंग्याहून 1960 साली निघालेली, नागरीत आहे. फक्त पहिला परिवर्त. जिथे 'धर्म' येईल तिथे पेन्सिलीने पानाच्या कडेला लिहा: घटक, शिकवण, गुण की ग्रंथ? पुनरुक्तीला कंटाळून उड्या मारू नका, बहुतेकांचं वाचन तिथेच फसतं. एकच नकार रूपाला, मग वेदनेला, मग संज्ञेला लावत नेणं हीच त्या ग्रंथाची रीत आहे. सारांश काढला की हातात एक वाक्य उरतं आणि परिणाम निघून जातो.

मॅल यांचा 1987 चा लेख इथे उपयोगी पडतो. धर्म म्हणजे ग्रंथही आणि नवे ग्रंथ निर्माण करणारी यंत्रणाही, अशी त्यांची मांडणी. ऐकायला आधुनिक वाटते, पण सुभूती सुरुवातीलाच जवळपास हेच बोलतो: शिष्य जे काही सांगतात तो तथागताचा, म्हणजे बुद्धाचाच प्रभाव, कारण शिकवलेला धर्म पचवून ते बोलतात आणि त्यांचं बोलणं धर्मतेच्या, म्हणजे गोष्टींच्या खऱ्या स्वरूपाच्या, विरोधात जात नाही. पुढची कित्येक शतकं 'एवं मया श्रुतम्' ('असं मी ऐकलं') ने सुरू होणारी नवी सूत्रं कशी तयार होत राहिली, याचं यापेक्षा नेमकं उत्तर माझ्या वाचनात नाही.

मॅल यांचं सगळंच पटतं असं नाही. गीता, ताओ ते चिंग, कन्फ्यूशियस आणि प्रज्ञापारमिता यांना 'मानवतावादी मूलग्रंथ' म्हणून एका रांगेत बसवलं की गीतेतला स्वधर्म आणि सुभूतीचा नकार यांतलं भांडण मिटून जातं. ते मिटू नये.

मॅल यांना या अभ्यासाची किंमतही मोजावी लागली. सायबेरियातल्या बुर्यात समाजातले बौद्ध अभ्यासक बिदिया दांदारोन यांना 1972 साली अटक झाली, 1974 साली ते छावणीतच वारले. त्यांच्याशी संबंध असलेल्यांवर गदा आली, त्यात मॅल यांचं तार्तूमधलं शिकवणं गेलं. अष्टसाहस्रिकेवरचा त्यांचा प्रबंध थेट 1985 चा. पुढे 1991 साली हेगला प्रतिनिधित्व नसलेल्या राष्ट्रांची संघटना उभी राहिली, तिच्या उभारणीत ते होते. एस्टोनिया आणि तिबेट तिथे शेजारी बसले. त्याच वर्षी दलाई लामा एस्टोनियात आले.

वाचायचं असेल तर अष्टसाहस्रिकेवरचे त्यांचे निबंध इंग्रजीत आहेत, दिल्लीच्या मोतीलाल बनारसीदासने 2005 साली काढलेत. बोधिचर्यावतारापासून सुरुवात करणार असाल तर नववा, प्रज्ञेचा परिच्छेद (म्हणजे प्रकरण) आधी उघडू नका. आधीचे आठ आणि दहावा वाचून झाले की मग तिकडे वळा, तेही प्रज्ञाकरमतींची टीका शेजारी ठेवून.